बन्सीभाऊंचं न सुटणारं बटन

पाण्याचा दिवस होता, म्हणून सगळी गल्ली बाहेर होती, आणि म्हणूनच बातमी इतक्या लवकर फिरली: बन्सी साळवेंचं बोट गेलं. सकाळी सातला एकच बोट गेलं होतं. टाक्या भरेपर्यंत दोन झाली. साडेआठला कोपऱ्यावरच्या द्वारकाबाईंनी मला माझ्याच दारात गाठून सांगितलं की अख्खा पंजा गेला, दवाखान्यात नेलंय, आणि मनकर्णाबाई रडून रडून बेशुद्ध पडल्यात. मनकर्णाबाई त्या वेळी द्वारकाबाईंच्या मागंच हंडा घेऊन उभ्या होत्या.

खरं एवढंच होतं की बन्सीभाऊंच्या उजव्या अंगठ्याला फोड आला होता आणि त्यावर मनकर्णाबाईंनी हळदीची चिंधी बांधली होती. फोड आला तो टीव्हीवरच्या एका खेळाचं बटन दाबून दाबून. बातमी कुणी पसरवली ते विचारू नका. मी द्वारकाबाईंना फक्त म्हणालो होतो की भाऊंच्या हाताला काहीतरी बांधलेलं दिसतंय. पुढची बोटं त्यांनी कापली.

पण पुंडलिकनगरच्या आमच्या गल्लीनं ती बातमी लगेच खरी धरली, त्याला कारण आहे. बन्सीभाऊ एकतीस वर्षं वाळूजच्या एका कारखान्यात पॉवर प्रेसवर होते. प्रेसमध्ये वरून एक लोखंडी ठोकळा खाली येतो, त्याला रॅम म्हणतात, आणि खाली ठेवलेल्या पत्र्याला एका दणक्यात आकार देऊन परत वर जातो. मधी बोट आलं तर त्यालाही आकार देतो. त्या खात्यातल्या जुन्या माणसाला भेटलं की लोक आधी तोंड बघत नाहीत, हात बघतात. भाऊंबरोबर सात जण रिटायर झाले, त्यात दहाची दहा बोटं शाबूत घेऊन घरी आलेले एकटे भाऊ. त्यामुळं त्यांचा जय भीम पण सगळ्यांपेक्षा वेगळा. हात जोडायच्या आधी दोन्ही पंजे फाकवून समोर धरतात, घ्या मोजून म्हणल्यासारखे, आणि मग जोडतात. लेकीच्या लग्नात व्याह्यांना पण असाच केला. मी एकदा म्हणालो, भाऊ, आता पायाची बी दाखवा. महिनाभर त्यांनी मला चहा विचारला नाही.

माणूस तसा सरळ. खुलताबादच्या पलीकडच्या खेड्यातून एकोणतिसाव्या वर्षी शहरात आला, एकाच कारखान्यात केस पांढरे केले, घर बांधलं, दोन लेकरं शिकवली. खोड म्हणावी अशी एकच. बेल वाजवायची त्यांची पद्धत. तुम्ही आम्ही बटन दाबतो आणि सोडतो. भाऊ दाबतात ते दार उघडेपर्यंत दाबूनच ठेवतात. आपण आंघोळीत असलो तरी बेल चालू. आमच्या घरची बेल त्यांनी आजवर दोनदा जाळली आहे. माणूस उतावळा आहे, असं आम्ही धरून चाललो होतो.

रिटायर झाल्यावर दोन वर्षं त्यांचे लई हाल झाले. कुणाच्या गेटचा कोयंडा वाकडा, कुणाच्या स्कूटरचा स्टँड तिरका, हे सांगत फिरायचे. लोक त्यांना बघून गेट आतून लावायला लागले. आणि मग जानेवारीत सुदर्शन आला.

सुदर्शनचा चिकलठाण्यात छोटासा कारखाना आहे, चार प्रेसचा. तिशीतला मालक, पण शहाणा. पेढ्याचा डबा घेऊन आला आणि म्हणाला की काका, आठवड्यातून तीन दिवस या, नव्या ऑपरेटरांना शिकवा, मशीनला हात लावून दाखवणारं माणूस मला मिळत नाही. भाऊंनी डब्यातला एक पेढा काढून मला दिला. शेजारधर्माच्या सतरा वर्षांत पहिल्यांदा. तेव्हाच मी ओळखलं की या माणसाला ते काम किती हवंय.

मनकर्णाबाईंनी नाही म्हणून सांगितलं. एकतीस वर्षं रोज संध्याकाळी दारात आल्यावर बोटं मोजलीत, आता पुरे, असं त्यांचं म्हणणं. आणि संध्याकाळी व्हिडिओ कॉलवर मुलानं, अभयनंही नाही म्हणून सांगितलं. अभय दीड वर्षापासून जपानात आहे. काम काय, तर प्रेसवर माणसाच्या जागी यंत्राचा हात बसवायचा. बापाचं खातं बंद करायला लेक शिकला, असं मी गमतीनं म्हणायचो, आता म्हणत नाही. अभय बापाला म्हणाला, "बाबा, साठीनंतर हाताचं टायमिंग जातं. त्यात तुमचा दोष नाही."

दोष नाही, हे भाऊंना फार लागलं. दोष आहे म्हणाला असता तर भांडता आलं असतं.

भाऊ दोन दिवस नीट जेवले नाहीत. शेवटी अभयनंच तोड काढली. मागच्या सुट्टीत त्यानं टीव्हीला जोडायचं एक खेळाचं डबडं घरी ठेवलेलं. जपानात ऑफिसातल्या लोकांच्या नादानं त्याला बेसबॉलचं वेड लागलंय, आणि तोच खेळ त्यात आहे. तो तिकडनं खेळणार, भाऊ इकडनं. अट अशी: भाऊंनी चेंडू फेकायचा, अभयनं बॅट मारायची. एका सामन्यात अभयचे तीन बॅटवाले नुसत्या फेकीवर बाद केले तर अभय कामाला ना म्हणणार नाही आणि आईलाही समजावेल. सुदर्शननं महिनाभर थांबायचं कबूल केलं होतं. म्हणजे हातात चार रविवार. दुपारी तीनला, तिकडं तेव्हा संध्याकाळचे साडेसहा.

खेळ मला भाऊंनीच समजावला, तोही चिडून. एक चौकट असते. चेंडू त्या चौकटीतून जायला हवा आणि बॅटला लागायला नको. असं तीनदा झालं की गडी बाद. मी म्हणालो, म्हणजे क्रिकेटच की, फक्त स्टंप चोरीला गेलेले. आता फेकायचं कसं? हातातल्या रिमोटचं बटन दाबून धरायचं. मग पडद्यावर चेंडूभोवती एक मोठं कडं दिसतं, ते आवळत आवळत येतं. आत एक बारकं कडं असतं. मोठं कडं बारक्यावर बसलं, की त्याच क्षणी बटन सोडायचं. लवकर सोडलं तर चेंडू बॅटवाल्याच्या डोक्यावरून जातो. उशीर झाला, किंवा सोडलंच नाही, तर चेंडू आपणहून निघतो, लाडू होऊन मधोमध पडतो आणि बॅटवाला त्याला मैदानाच्या बाहेर पाठवतो.

फेकणाऱ्या गड्याला नाव देता येतं. भाऊंनी त्याचं नाव ठेवलं नानासाहेब. कोण नानासाहेब, असं मी विचारलं तर म्हणाले, होते एक.

पहिल्या रविवारी नानासाहेबांनी सत्तावीस चेंडू टाकले. त्यातले अकरा मैदानाच्या बाहेर गेले. प्रत्येक वेळी पडद्यावर फटाके उडायचे, कुठला तरी बाजा वाजायचा आणि नानासाहेब टोपी काढून घाम पुसायचे. भाऊ कधी रिमोटला दोष देत होते, कधी नेटला, तर कधी टीव्ही ज्या टेबलावर होता त्या टेबलाला. मी म्हणालो, भाऊ, पंख्याच्या वाऱ्यानं चेंडू वाहवतोय. त्यांनी पंखा बंद केला. मग दीड तास आम्ही तिघं घामानं निथळत बसलो, आणि मनकर्णाबाई माझ्याकडं असं बघत होत्या की मी पाणीसुद्धा मागितलं नाही.

त्या आठवड्यात भाऊ सकाळ-दुपार सराव करायला लागले. आमची भिंत एक. पलीकडून दर मिनिटाला "सोड ना आता" असं ऐकू यायचं. कुणाला म्हणतात ते आधी कळेना. ते स्वतःच्या अंगठ्याला म्हणायचे. मनकर्णाबाईंची मालिका बंद, बातम्या बंद. भाजीवाली दारात आली की भाऊ आतून ओरडायचे, जरा गप, कडं आवळतंय. ती बिचारी दोन दिवस गल्लीत आलीच नाही.

दुसरा रविवार पहिल्यासारखाच गेला, फक्त फोड नवा. सोमवारी बोटाची बातमी उठली ती याच फोडाची. मी चौकशीला म्हणून गेलो, तर भाऊंनी चिंधीवरूनच सराव चालू ठेवलेला. मी म्हणालो, आणा इकडं, बघू काय आहे. सोफ्यावर बसलो, बटन दाबलं, पहिला चेंडू डोक्यावरून गेला. दुसरा चौकटीत. पडद्यावर हिरव्या अक्षरात शाबासकी आली. मी काही बोललो नाही, देवाशपथ. फक्त जरा हसलो. भाऊंनी रिमोट ओढून घेतला आणि म्हणाले, तुक्का आहे, कडुबा. मग मनकर्णाबाई पिठाच्या हातानं बाहेर आल्या, म्हणाल्या बघू तरी मेलं काय आहे, आणि त्यांनी तीनपैकी दोन चौकटीत टाकले. भाकरी कधी उलटायची हे जिला कळतं तिला हे कळणारच. त्यांच्या घरात त्या रात्री कुणी कुणाशी बोललं नाही.

दुसऱ्या दिवशी भाऊंनी वही काढली. कारखान्यातली सवय, बिघाड झाला की नोंद ठेवायची. तीन रकाने पाडले: लवकर, बरोबर, उशिरा. प्रत्येक फेकीला एक रेघ. तिसऱ्या रविवारपर्यंत चारशेच्या वर रेघा झाल्या. बरोबरच्या रकान्यात नऊ. बाकी सगळ्या उशिरा. लवकरच्या रकान्यात एकही रेघ नाही, शपथेला सुद्धा नाही.

तिसऱ्या रविवारी भाऊंनी एक गडी बाद केला, तोही अभयला मध्येच शिंक आली म्हणून. खेळ संपल्यावर अभय मऊ आवाजात बोलायला लागला. पोरगं गुणी आहे, बापाला चिडवत नाही, आणि त्याचाच भाऊंना जास्त राग येतो. तो म्हणाला की बाबा, बघा, तुम्हाला प्रत्येक वेळी उशीरच होतोय, आणि प्रेसवर असा उशीर झाला तर काय होईल ते मी तुम्हाला सांगायला नको.

भाऊ फोनकडं बघत म्हणाले, "उशिरानं बोट जात नाय, अभय. घाईनं जातं." आणि फोन बंद केला.

आता एकच रविवार उरला. सुदर्शनचा फोन येऊन गेला, सोमवारपासून येणार की नाही ते कळवा म्हणून. भाऊंनी त्याला हो पण म्हटलं नाही आणि नाही पण. बुधवारी संध्याकाळी मी त्यांच्याकडं वही बघत बसलो होतो. भाऊ कोपऱ्यावरून ब्रेड आणायला गेले होते. एवढ्यात बेल वाजली आणि वाजतच राहिली. मनकर्णाबाई गॅसपाशी होत्या, हात कणकेत. मला काय, पाहुणा, मी बसून राहिलो. बेल किंचाळतेय, कुकर शिट्या मारतोय, बाई बडबडत दारापर्यंत गेल्या आणि दार उघडलं. बेल थांबली. तीन आठवड्यांचा साठलेला वैताग एकदम बाहेर आला.

त्या म्हणाल्या, "अहो, तुम्ही दार उघडल्याबिगर बेल सोडत नाय, ते बटन काय सोडणार?"

भाऊ उंबऱ्यातच ब्रेड घेऊन उभे राहिले. मी हसायला तोंड उघडलं होतं, पण त्यांचं तोंड बघून मिटलं. आत येऊन ते सोफ्यावर बसले आणि मग त्यांनी नानासाहेब कोण ते सांगितलं.

नानासाहेब त्यांचे पहिले फोरमन. प्रेसला दोन बटनं असतात, एक डाव्या तळव्याला, एक उजव्या. दोन्ही एकदम दाबली तरच रॅम खाली येतो. आणि तो खाली जाऊन परत वर येईपर्यंत दोन्ही हात बटनावरच ठेवायचे. मधीच हात उचलला तर रॅम अर्ध्यात थांबतो, पत्रा अडकतो, आणि तो काढायला माणूस आत हात घालतो. बोटं जातात ती तिथं. म्हणून नानासाहेबांचा नियम होता: रॅम वर, मग हात वर. नव्या माणसाच्या मागं ते लाकडी पट्टी घेऊन उभे राहायचे. हात लवकर सुटला की मनगटावर पट्टी. भाऊंना पहिल्या महिन्यात चाळीस-पन्नास बसल्या असतील. त्यानंतर एकतीस वर्षांत एकही नाही. बटन दाबलं की काम पुरं होऊन परत येईपर्यंत हात हलायचाच नाही. मग ती बेल असो, लिफ्ट असो नाहीतर मिक्सर. आणि आता हा चेंडू. चेंडू बॅटवाल्यापर्यंत जाऊन परत येईपर्यंत अंगठा बटनावर. उशीर होणारच की.

मला वाटलं, आता कळलं ना, आता सुटलं. कुठलं काय. गुरुवारी दिवसभर भिंतीपलीकडून तेच, सोड ना, सोड ना. अंगठ्याला कळायला हवं ना, कळलं होतं डोक्याला. शिवाय भाऊंना नवीच भीती पडली. मला गच्चीवर गाठून म्हणाले की समजा हात सोडायला शिकलो, आणि सोमवारी सुदर्शनच्या मशीनवर पण सुटला तर? खेळ जिंकायचा आणि हात बिघडवायचा? त्यापेक्षा हरलेलं काय वाईट. मी म्हणालो, भाऊ, हात दोन आहेत, एक बिघडवा.

मी आपलं बोलायचं म्हणून बोललो होतो. भाऊ खाली गेले आणि पाच मिनिटांत मनकर्णाबाईंचा ओरडा ऐकू आला. त्यांचा पोळपाट गेला होता.

भाऊंनी पोळपाट सोफ्यावर डाव्या बाजूला ठेवला. रिमोट मांडीवर. चेंडू टाकायच्या आधी डावा तळवा पोळपाटावर दाबायचा, पुरा जोर देऊन, आणि चेंडू परत येईपर्यंत उचलायचा नाही. नानासाहेबांचा नियम तिथं पाळला गेला. मग उजवा अंगठा मोकळा. पहिल्या पाच चेंडूंत तो मोकळा झाला नाही. सहावा लवकर सुटला आणि बॅटवाल्याच्या डोक्यावरून गेला. भाऊंनी वही मागवली आणि लवकरच्या रकान्यात आयुष्यातली पहिली रेघ मारली. मला वाटतं त्या रेघेचा त्यांना हिरव्या शाबासकीपेक्षा जास्त आनंद झाला. शनिवारपर्यंत बरोबरच्या रकान्यात निम्म्या रेघा होत्या, आणि साळवेंच्या घरी तीन दिवस पोळ्या नव्हत्या, भात होता.

रविवारी मला आत घेताना भाऊंनी अट घातली की तोंड उघडायचं नाही. पंखा चालू होता. अभयचा फोन टेबलावर उघडा ठेवलेला, त्यावर त्याचं फक्त कपाळ दिसत होतं. पहिल्या डावात नानासाहेबांनी एक गडी बाद केला. अभय म्हणाला, वा बाबा. दुसऱ्यात दोन चेंडू मैदानाबाहेर गेले, भाऊंनी पोळपाटावरचा हात घट्ट केला. त्याच डावात दुसरा गडी बाद. मनकर्णाबाई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. काम नको म्हणणारी बाई, पण पदर तोंडात धरलेला.

तिसरा म्हणजे शेवटचा डाव. दोन गडी झेलावर गेले, ते अटीत धरायचे नव्हते. एका डावात तीनच गडी, म्हणजे आता शेवटचा बॅटवाला उरला. पहिल्या दोन फेकी त्याच्या बॅटला चुकवून चौकटीतून गेल्या. तिसरी चौकटीच्या बाहेर गेली, चौथी पण. मला शिंक येत होती, मी नाक दाबून धरलं. भाऊंनी डावा तळवा पोळपाटावर टेकवला, बटन दाबलं, कडं आवळत आलं, आणि अंगठा सुटला. अभयनं बॅट फिरवली. ती हवेतच फिरली.

पडद्यावर नानासाहेब टोपी उडवत नाचत होते. भाऊंचा डावा हात अजून पोळपाटावरच होता. चेंडू परत आला, तेव्हा त्यांनी तो उचलला.

अभयनं विचारलं की बाबा, डाव्या हाताखाली काय आहे. मनकर्णाबाईंनी फोन उचलला आणि पोळपाटाचं सगळं सांगितलं, तक्रारीसकट. नियमाचं भाऊंनी सांगितलं. अभय म्हणाला की आम्ही यंत्राच्या हाताला हेच शिकवायला चार महिने घालवतो. मग आईला म्हणाला, जाऊ दे त्यांना. मनकर्णाबाई म्हणाल्या, जाऊ देते, पण संध्याकाळी दारात बोटं मोजणार. आणि पोळपाट धुवायला घेऊन गेल्या.

सोमवारी सकाळी भाऊ इस्त्रीचा शर्ट घालून निघाले. मी गेटपाशीच होतो, द्वारकाबाईही होत्या, म्हणजे गल्लीला कळवायची सोय होती. अशा वेळी मला राहवत नाही. म्हणालो, भाऊ, महिनाभर गल्लीचं डोकं उठवून, अंगठ्याची सालं काढून तुम्ही सोडायला शिकलात. आता त्या पोरांना काय शिकवणार, धरायला की सोडायला?

भाऊंनी दोन्ही पंजे फाकवून माझ्यासमोर धरले, जोडले, आणि म्हणाले, "धरायला. सोडायचं काय, ते तुला बी दुसऱ्या चेंडूत जमलं होतं, कडुबा."